काणकोणात पाहिलेले आणि न पाहिलेले

गोव्याबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबे गोव्यात येतात ती बहुधा कुलदेवतेच्या ओढीने. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथून येणाऱ्या मंडळींचा कार्यक्रम ठरलेला असतो. मडगावच्या स्थानकावर उतरायचे, देवळाच्या अग्रशाळेत स्नान उरकायचे, अभिषेक, ओटी, महाप्रसाद. दुपारी मंगेशी आणि म्हार्दोळ. दुसऱ्या दिवशी जुने गोवे व एखादा समुद्रकिनारा, तोही मोटारीतून उतरून पाय भिजवण्यापुरता. परतीच्या गाडीत काजूची पाकिटे आणि फणसाची साटे. यात उणे काढण्यासारखे काही नाही. देवकार्यासाठी आलेल्या माणसाने देवकार्य करून जावे, हे योग्यच होय. पण या धावपळीत गोव्याच्या दक्षिण टोकाचा काणकोण तालुका सहसा कोणी पाहत नाही. श्रीस्थळचा मल्लिकार्जुन ज्यांचा कुलस्वामी आहे, ती मंडळी तेवढी तिथवर पोचतात आणि देवळाच्या पायरीवरूनच मागे फिरतात. त्यांच्यासाठी, आणि एरवीही, आम्ही हे लिहीत आहोत.

काणकोणशी आमचा संबंध नोकरीमुळे आला. १९८७ च्या ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. त्यानंतर थोड्याच काळाने आमची नेमणूक त्या तालुक्यात झाली. मडगावाहून चाळीसएक किलोमीटरचे अंतर, पण करमल घाटातून बस वळणे घेत जाई तेव्हा आपण दुसऱ्याच मुलखात चाललो आहोत असे वाटे. नव्या काबिजादीतला हा महाल. पोर्तुगिजांच्या हाती तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेला. चावडी म्हणजे तालुक्याचे मुख्य ठिकाण, तेथे एक बाजार, कचेऱ्या आणि संध्याकाळी आठला निजणारी वस्ती. पाळोळ्याच्या किनाऱ्यावर आम्ही कचेरी सुटल्यावर जात असू तेव्हा तेथे रापण ओढणारे पागी, त्यांच्या उलांडीच्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी एवढेच असे. पुढे पाठीवर पिशव्या घेतलेले परदेशी आले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. २०१९ मध्ये तळपण आणि गालजीबाग या दोन्ही नद्यांवरून जाणारा चौपदरी वळणरस्ता झाला. आज पाळोळे जगाच्या नकाशावर आहे. पावसाळ्यापूर्वी उतरवायच्या आणि पावसाळ्यानंतर पुन्हा उभारायच्या लाकडी झोपड्यांची तेथे दाटी झाली आहे.

तरीही काणकोणचे वैशिष्ट्य पुसले गेलेले नाही. गोव्यात सह्याद्री आणि समुद्र एकमेकांच्या इतके जवळ क्वचितच येतात. सकाळी पाळोळ्याच्या अर्धचंद्राकृती वाळूत पाय बुडवून बसलेला माणूस अर्ध्या-पाऊण तासात खोतीगावच्या अभयारण्याच्या फाटकाशी उभा राहू शकतो. मधे नारळीच्या बागा, वायंगणीची शेते, जांभ्या दगडाचे सडे आणि नदीमुखाची खारफुटी. एवढ्याशा टापूत चार निरनिराळी जीवसृष्टी सामावलेली आहे.

दोन वर्षांपूर्वी पौषात आमच्या सौ.चे थोरले बंधू सपत्नीक इंदूरहून आले. बरोबर अकरा वर्षांचा नातू. होळकरशाहीत तेथे गेलेले हे घराणे. कवळ्याच्या शांतादुर्गेला दर तीन-चार वर्षांनी येणे ठेवलेले. दादांना वन्यप्राण्यांची आवड आहे. कान्हा, बांधवगड, सातपुडा ही त्यांची नित्याची तीर्थे, आणि प्रत्येक सहलीत दिसलेल्या प्राण्यांची नोंद करण्यासाठी त्यांची एक जाड वही आहे. डाव्या बाजूला तारीख, वेळ आणि ठिकाण. उजव्या बाजूला प्राणी, त्यांची संख्या आणि शेरा. सेवानिवृत्त बँक अधिकाऱ्याची वही ती. तिच्यात खाडाखोड नाही. देवीचे दर्शन झाल्यावर आम्ही त्यांना म्हटले, "दादा, या खेपेस चार दिवस काणकोणात काढू." ते आनंदाने तयार झाले. उतरायला आगोंदच्या किनाऱ्याजवळ एका घरी खोल्या घेतल्या.

पहिल्या सकाळी पाळोळ्याहून होडीने डॉल्फिन पाहायला निघालो. किनाऱ्यावर पाट्या होत्या, आणि बहुतेक पाट्यांवर डॉल्फिन दिसण्याची हमी होती. हमी हा शब्द समुद्राला लावलेला पाहून आम्हांला मौज वाटली. या बाजूचे डॉल्फिन बहुतांशी पाठीवर उंचवटा असलेल्या जातीचे. ते खोल समुद्रात जात नाहीत. नदीमुखाच्या आसपास, उथळ पाण्यात मासळीमागे फिरतात. त्यामुळेच ते माणसाच्या दृष्टीस पडतात, आणि त्यामुळेच माणसाच्या तावडीतही सापडतात. पाण्याखाली त्यांचा डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक भरवसा. स्वतः आवाज सोडायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य कोठे आहे ते ताडायचे, अशी त्यांची रीत. आता कल्पना करा, की पाच-सहा यंत्रहोड्या घरघर करीत त्यांना वेढा घालत आहेत. त्या सकाळी आम्ही तेच पाहिले. एका होडीतून कोणी "ते बघा!" असे ओरडले, की सगळ्या होड्यांची तोंडे तिकडे वळत. डॉल्फिन बुडी मारून दुसरीकडे निघत. होड्या पुन्हा त्यांच्या मागे.

आमचा होडीवाला साठीचा पागी होता. त्याच्या घरची रापण केव्हाच बंद पडली होती. मुलगा एका हॉटेलात नोकरीला. तो त्या गर्दीत शिरला नाही. बाजूला जाऊन त्याने यंत्र बंद केले आणि विडी पेटवली. दादांनी घड्याळ पाहिले. पंधरा मिनिटे गेली. होडी लाटांवर डुलत होती, वहिनींना मळमळू लागले होते आणि आमच्याही मनात, हा गृहस्थ इंधन वाचवतो आहे की काय, अशी शंका डोकावून गेली. मग उजव्या हाताला, वीसेक हातांवर, राखी रंगाची एक पाठ वर आली. फुस्स असा श्वास ऐकू आला. मागोमाग दुसरी पाठ, आणि तिच्या कुशीला लागून एक लहान. तिघेही सावकाश श्वास घेत आमच्यासमोरून गेले. त्या श्वासाचा आवाज आम्ही यापूर्वी कधी ऐकला नव्हता. यंत्र चालू असते तर तेव्हाही ऐकला नसता. दादांनी वहीत लिहिले : "डॉल्फिन, ३ (एक पिल्लू)."

रोजी याच व्यवसायावर चालते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. होड्या बंद करा म्हणणे सोपे आहे. पण मासळी कमी झाली, रापणीला माणसे मिळेनात, तेव्हा या समाजाने पाहुण्यांना समुद्र दाखवण्याचा धंदा धरला. तो काढून घेतला तर त्यांच्या हाती काय उरते? त्या वृद्ध होडीवाल्याप्रमाणे यंत्र बंद करून थांबण्याची रीत सर्वांनी पाळली, तर धंदाही राहील आणि डॉल्फिनही. अडचण एवढीच, की थांबलेल्या होडीतले गिऱ्हाईक कुरकुरते. आम्हीही मनातल्या मनात कुरकुरलोच होतो.

त्या रात्री पाळोळ्यालाच जेवलो. जेवणानंतर किनाऱ्याच्या टोकाकडे फिरत गेलो तो एक अजब दृश्य. शंभरएक तरुण-तरुणी आवेशाने नाचत होती आणि आवाज म्हणून नाही. वाळूवर पायांची सळसळ आणि लाटांची गाज, बस्स. दादा थबकले. "यांना झालंय तरी काय?" त्यांनी हळूच विचारले. खुलासा आम्हीच केला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. पाळोळ्याच्या व्यावसायिकांनी त्यावर उपाय काढला : प्रत्येकाच्या कानाला बिनतारी यंत्र, ज्याचे संगीत त्याच्यापुरते. नातवाला हे फारच आवडले. आम्हांलाही, खरे सांगायचे तर, त्या युक्तीचे कौतुक वाटले. नियम कडक लागू झाला म्हणून युक्ती निघाली, आणि युक्ती निघाल्यावर कोणाचेच फारसे बिघडले नाही. ही गोष्ट पुढे आगोंदच्या प्रकरणात आम्हांला उपयोगी पडली, म्हणून येथे सांगितली.

दुसरा आणि तिसरा दिवस खोतीगावला दिला. सुमारे ८६ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य, साठच्या दशकाच्या अखेरीस घोषित झालेले. तळपण नदी त्यातूनच वाहत खाली येते. आत वेळीप आणि कुणबी समाजाच्या वाड्या आहेत. ही माणसे अभयारण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे आहेत. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. आमच्याबरोबर आलेला वाटाड्या अशाच एका वाडीवरचा तरुण. पायांत रबरी चपला, हातात कोयता आणि ओठांवर क्वचितच शब्द.

सह्याद्रीचे रान हे कान्ह्याचे रान नाही, हे दादांना पहिल्या तासातच उमगले. कान्ह्यात मोकळी कुरणे आहेत. जीपमध्ये बसून दूरवर नजर टाकता येते आणि कळप दिसतात. इथे दहा पावलांपलीकडे दिसत नाही. ऐन, किंजळ, नाणा, जांभा यांचे सरळसोट बुंधे. त्यांना लगडलेल्या जाडजूड वेली. खाली वेताची आणि करवंदीची जाळी. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. हाच गोव्याचा राज्यवृक्ष, स्थानिक भाषेत मत्ती. अशा रानात डोळे फारसे कामाला येत नाहीत. उंचावर शेकरू खडखडाट करीत फांदीवरून फांदीवर गेली. आवाज ऐकून मान वर करीपर्यंत फक्त हलणारी पाने उरली. भृंगराज एका पाठोपाठ एक दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करीत होता आणि दादा त्या साऱ्या पक्ष्यांना झाडावर शोधत होते. धनेशाच्या पंखांचा, कोणी कापड झटकावे तसा आवाज डोक्यावरून गेला.

उंच झाडावरच्या मचाणावर आम्ही दीड तास बसलो. खाली पाणवठा होता. पाणवठ्यावर कोणी आले नाही. उतरल्यावर वाटाड्याने पाणवठ्याच्या काठचा चिखल दाखवला. गव्याचे खूर उमटले होते. खुराच्या कडा ताज्या, तीक्ष्ण. आणि खोलगट भागात पाणी अजून झिरपत होते, गढूळ. याचा अर्थ, आम्ही मचाणाकडे येत असतानाच तो निघून गेला होता, आणि फार दूरही गेला नसावा. दादा जरा चिडक्या स्वरात म्हणाले, "काय हो, दोन दिवस पायी हिंडवलंत, आणि जनावर एकसुद्धा नाही?" त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ आम्ही वाटाड्याला सांगितला. तो हसला. "ते आमकां पळयतात," तो म्हणाला, "आमी तांकां पळयनात."

ते आपल्याला पाहतात. आपण त्यांना पाहत नाही. नातवाने हे वाक्य पाठ केले आणि दिवसभर घोकत राहिला.

या रानाची किंमत दिसणाऱ्या जनावरांवरून ठरवता येत नाही, हे आम्ही दादांना समजावून सांगू लागलो. त्याला नेत्रावळीचे अभयारण्य लागून आहे आणि पलीकडे कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान. वाघाला राज्याची हद्द कळत नाही. २०२० च्या जानेवारीत म्हादईच्या रानात चार वाघ विषबाधेने मृत्यू पावले, तेव्हा गोव्यात वाघ आहेत हे अनेक गोवेकरांनाच प्रथम कळले. २०२३ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई, खोतीगाव आदी अभयारण्ये मिळून व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. आमच्या वाटाड्याला याविषयी विचारले तर त्याने जे उत्तर दिले ते कोणत्याही नस्तीत आम्ही वाचले नव्हते. त्याच्या मते वाघाची भीती नाही. वाघ जुनाच आहे. भीती आहे ती कागदाची. वाडी उठवणार का, शेतावर जाऊ देतील का, देवाची राई कोणाच्या ताब्यात जाणार, हे त्याला कोणी सांगत नव्हते. आम्ही आयुष्यभर कागदच हाताळले. पण त्याला देण्यासारखे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

दादांची वही त्या दोन दिवसांत जवळजवळ कोरी राहिली. एका ओळीत त्यांनी लिहिले : "गवा, १ (फक्त खूर)." कंसातले शब्द त्यांनी नाइलाजाने लिहिले, हे अक्षरांवरून दिसत होते.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता गालजीबागला गेलो. सुरूच्या बनामागे लांबवर पसरलेला, फारशी वस्ती नसलेला हा किनारा. नदीच्या मुखाशी कालवे मिळतात, त्यांची ख्याती मोठी. पण आम्ही गेलो ते सागरी कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीच्या वेळी वाळूवर चढते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा त्या घरट्याकडे ती फिरकत नाही. ओडिशात गहिरमाथ्याला त्या हजारोंच्या संख्येने एकाच वेळी येतात. इथे एकेकटी येते. पूर्वी ही अंडी लोक काढून खात असत, हेही खरे आहे. आज त्याच गावांतली माणसे वनखात्याच्या वतीने रात्र रात्र पहारा करतात. आपल्या कोकणात वेळासला, नाना फडणविसांच्या त्या मूळ गावी, २००२ पासून असेच काम उभे राहिले, हे वाचकांना ठाऊक असेल.

किनाऱ्यावर त्या पहाटे आम्हांला एक पट्टा दिसला. पाण्यापासून निघून वाळूच्या उंचवट्यापर्यंत गेलेला आणि थोड्या अंतरावरून पुन्हा पाण्यात उतरलेला. जणू एखादे जड पोते ओढत नेले असावे, दोन्ही बाजूंना वल्ह्यांच्या खुणा. नातवाने आपल्या पावलांनी त्याची रुंदी मोजली. सुमारे तीन पावले भरली. पहारेकरी तरुण रात्रभर जागा होता. त्याने तिला पाहिले होते. दिव्याला तांबडा कागद गुंडाळून, वाळूवर पालथे पडून. आता त्या जागी जाळीचे कुंपण होते आणि काठीला अडकवलेल्या चिठ्ठीवर तारीख. आमच्या वाट्याला आले ते एवढेच : वाळू, जाळी, काठी. नातू कुंपणाशी उकिडवा बसून बराच वेळ वाळूकडे पाहत राहिला. "यात शंभर आहेत?" त्याने विचारले. त्या तरुणाने मान डोलावली आणि सांगितले, की पन्नासएक दिवस लागतील. वाळू किती तापते त्यावर पिल्ले नर होणार की मादी ते ठरेल. आणि बाहेर आली की जिकडे उजेड अधिक तिकडे धावतील.

शेवटच्या वाक्यातच आगोंदचा प्रश्न आहे. रात्री मोकळ्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ बाजू समुद्राची असते. पिल्लांची ही उपजत समजूत युगानुयुगे खरी ठरत आली. किनाऱ्यावर विजेचे दिवे लागले, की ती खोटी ठरते. पिल्ले दिव्याकडे वळतात, उपाहारगृहाच्या पायऱ्यांपाशी पोचतात, कुत्री आणि कावळे त्यांची वाट पाहतच असतात. समुद्रातून येणारी मादीही झगझगीत किनारा टाळते. २०११ च्या किनारी नियमनाच्या अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग ही चारही नावे कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून लिहिलेली आहेत, आणि विणीच्या क्षेत्रात विकासकामांस मनाई आहे. गालजीबाग अजून बरेचसे काळोखात आहे. आगोंद तसे राहिलेले नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घरची मालकीण विधवा होती. तीन खोल्यांच्या भाड्यावर दोन मुलांचे शिक्षण. अंगणात, समुद्राच्या बाजूला, तिने एक प्रखर दिवा लावला होता. पहिल्याच संध्याकाळी आम्ही विषय काढला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सायबा, लायट पालयली जाल्यार गिरायकां भियेतात." दिवा मालवला तर गिऱ्हाइके भितात. यावर काय बोलावे? भीती खरी होती, भाडेही खरे होते. तेव्हा आम्ही पाळोळ्याच्या नाचाची गोष्ट सांगितली. ज्याला संगीत हवे त्याच्याच कानापुरते. तसा उजेड पायांपुरता ठेवता येणार नाही का? सौ. आणि ती दोघी मिळून मग कामाला लागल्या. उंचावरचा दिवा निघाला. पायवाटेच्या कडेने गुडघ्याएवढ्या खांबांवर मंद पिवळे दिवे आले, आणि समुद्राच्या बाजूने प्रत्येकाला नारळाची अर्धी करवंटी. उजेड जमिनीवर पडे, वाट दिसे, समुद्राकडे काही जात नसे. खर्च किरकोळ आला. त्या रात्री अंगणातून प्रथमच तारे दिसले आणि वहिनींनी बसल्या जागी मृगनक्षत्र ओळखले.

शेजारच्या मोठ्या आवारात मात्र माडाएवढ्या उंचीवर दोन दिवे आहेत. त्यांचा झोत थेट लाटांवर पडतो. मालक मोठा सज्जन. आम्हांला बसवून त्याने सरबत दिले. करवंटीची युक्ती पाहायला तो कुंपणापर्यंत आलाही, हसला, आणि चांगली आहे म्हणाला.

इंदूरला परतल्यावर महिन्याभराने दादांचे पत्र आले. देवीचा अंगारा पोचल्याचे, प्रकृतीचे, नातवाच्या परीक्षेचे. शेवटी लिहिले होते, की वहीतल्या काणकोणच्या पानावर नातवाने त्यांना न विचारता एक ओळ वाढवली आहे : "कासव, १०१ (दिसले नाही)." शंभर अंडी आणि आई, असा त्याचा हिशेब. खाडाखोड करण्याचे दादांच्या जिवावर आले, म्हणून ओळ तशीच ठेवली आहे. येत्या हिवाळ्यात पुन्हा येण्याचा विचार आहे, आणि या खेपेस काणकोणला आधी, देवीला मागाहून गेले तर चालेल का, असे वहिनींनी विचारले आहे.

आम्ही यंदाच्या जानेवारीत आगोंदला जाऊन आलो. करवंट्या जागच्या जागी आहेत. आणखी दोन घरांनी त्या लावल्या आहेत. शेजारचे उंच दिवे अजून जळतात. मालकाला पुन्हा भेटलो. त्याने पुन्हा सरबत दिले आणि म्हणाला, सध्या पाहुण्यांची गर्दी आहे, कार्निव्हाल आटोपला की बघू.